स्वीडनच्या हिवाळ्यात सरपणाच्या शेगडीवर राहताना

स्टॉकहोमहून डालार्ना प्रांताकडे निघण्यापूर्वी, १८९१ साली सुरू झालेल्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयातील जुनी घरे अवश्य पाहावीत. तेथील टाइल्सने मढवलेल्या, छतापर्यंत पोहोचणाऱ्या शेगड्यांची रचना समजून घेतली, की पुढे जंगलातील घर ऊबदार ठेवणे बरेच सोपे जाते. अठराव्या शतकात लाकडाच्या टंचाईची चिंता वाढल्यावर सरपण वाचवणारी शेगडी घडवण्याचे काम कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियान व्रेडे यांच्याकडे आले. १७६७ मध्ये त्यांनी मांडलेल्या रचनेत धूर थेट धुराड्यात न जाता विटांमधील मार्गांतून खाली-वर फिरतो आणि आपली बरीचशी उष्णता विटांना देऊन मगच बाहेर पडतो. मला ही युक्ती आजही अत्यंत सुंदर वाटते.

डालार्नातील आमच्या मुक्कामी अशीच शेगडी होती. ती लगेच ऊब देत नाही; थंड पडलेल्या घराच्या भिंती तापायला अनेक तास लागतात, म्हणून शक्यतो दिवसाउजेडी पोहोचावे आणि पहिला जाळ लहानच करावा, कारण गार विटा एकदम तापल्या तर त्यांना तडे जातात. मोठे फाटे खाली, बारीक काटक्या आणि बर्चची साल वर, असे रचून वरून पेटवल्यास धूर बराच कमी होतो. हवा कमी करून लाकूड रात्रभर धुमसत ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. त्यात न जळलेले वायू वाया जातात, धुराड्यात काजळी साचते आणि पुढे तिला आग लागू शकते. भरपूर हवा देऊन तास-दीड तास जोरदार जाळ करावा, विटा ती उष्णता दुसऱ्या दिवसापर्यंत पुरवतात.

सर्वांत जास्त लक्ष धुराड्याच्या झडपेकडे द्यावे. ती उघडी राहिली तर साठलेली ऊब निघून जाते. पण निखाऱ्यांवर निळी ज्योत दिसत असताना ती बंद केली, तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड खोलीत पसरतो आणि जीव जाऊ शकतो. निखारे पूर्ण विझल्याशिवाय झडपेला हात लावू नये, आणि या वायूची सूचना देणारे बॅटरीवरचे यंत्र सोबत न्यावे.

स्वयंपाकघरातील ओतीव लोखंडाची चूल वेगळ्या स्वभावाची असते. जाळाच्या थेट वर पाणी लवकर उकळते, कडेला सूप मंद शिजत राहते, त्यामुळे आच कमी-जास्त करण्याऐवजी भांडेच सरकवावे.

सरपणातील ओलावा २० टक्क्यांहून कमी हवा. दुसऱ्या दिवशीचे लाकूड आदल्या रात्रीच घरात आणावे, पण शेगडीला टेकवून ठेवू नये. राख झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून बाहेर न जळणाऱ्या जागी ठेवावी, कारण तिच्यातील निखारे एक-दोन दिवसही धगधगत राहू शकतात.