लॅक्टेट उतरलं होतं, तरीही

बर्फातलं लिव्हर काही बोलत नाही. एकात एक घातलेल्या तीन निर्जंतुक पिशव्या, आत गार द्रावण, भोवती बर्फाचा चुरा आणि मधे ते निपचित पडलेलं. सर्जन बोटांनी दाबून बघतात, कडा बोथट झाली आहे का ते बघतात, रंगावरून चरबीचा अंदाज घेतात, आणि एवढ्यावर एका माणसाच्या आयुष्याचा निर्णय होतो. चार अंश तापमानाला पेशींचं काम साधारण दहा टक्क्यांवर येतं, म्हणून अवयव टिकतो. पण ते पूर्ण थांबत नाही. साठवलेली ऊर्जा संपत जाते, नको ते पदार्थ साचत जातात, आणि रक्त पुन्हा सुरू झालं की पहिल्या काही मिनिटांतच खरं नुकसान होतं. ते कळतं तेव्हा लिव्हर रुग्णाच्या पोटात शिवलेलं असतं.

मी परफ्युजनिस्ट आहे. आधी ओपन हार्ट सर्जरीत हार्ट-लंग मशीन चालवायचे. आता काढलेलं लिव्हर यंत्रावर जिवंत ठेवायचं काम करते. ही कल्पना जुनी आहे. सर्जन अलेक्सिस कॅरेल आणि अटलांटिकपार विमान नेणारे चार्ल्स लिंडबर्ग यांनी 1935 मध्ये काचेचा पंप बनवून प्राण्यांचे अवयव शरीराबाहेर कित्येक दिवस जगवले होते. सर्जन फोल्कर्ट बेल्झर यांनी 1967 मध्ये कुत्र्याची किडनी यंत्रावर 72 तास टिकवून दाखवली. पुढे याच बेल्झर यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स साउदर्ड यांच्याबरोबर ते द्रावण तयार केलं, जे आजही बर्फाच्या पेटीत वापरतात. ते इतकं चांगलं निघालं की बरीच वर्षं लिव्हरसाठी यंत्राची निकड कुणाला फारशी वाटली नाही. शरीराच्या तापमानाला यंत्रावर ठेवलेलं लिव्हर माणसाला पहिल्यांदा बसवलं गेलं ते 2013 मध्ये, लंडनला.

ज्या लिव्हरबद्दल लिहायला बसले आहे ते मध्यरात्रीनंतर आलं. दात्याचं हृदय थांबल्यावर केलेलं दान होतं. अशा दानात हृदय थांबल्यापासून गार द्रावण आत जाईपर्यंत अवयव शरीराच्या उबेत रक्ताविना राहतो. इथे हा काळ नेहमीपेक्षा लांबला होता. आमच्या आधी इतर टीमनी नकार कळवला होता. आमच्या सरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणा. यंत्रावर लावू, मग ठरवू." यादीतल्या एका बाईंना वॉर्डात बोलावून घेतलं होतं. त्यांची प्रकृती अशी होती की फार वाट बघणं परवडणारं नव्हतं, आणि ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

लिव्हर पोचायच्या आत सर्किट तयार करून ठेवावं लागतं. रक्तपेढीतल्या लाल पेशी आणि जिलेटिनचं द्रावण मिळून जे बनतं त्याला आम्ही परफ्युसेट म्हणतो. त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपॅरिन, शिवाय कॅल्शियम, बायकार्बोनेट घालायचं. पित्त तयार होत राहावं म्हणून पित्तक्षार, पेशींसाठी पोषण आणि इन्सुलिन, रक्तवाहिन्या मोकळ्या राहाव्यात म्हणून प्रोस्टासायक्लिन हे सगळं बारीक धारेने चालू ठेवायचं. पंप, ऑक्सिजनेटर, हीट एक्स्चेंजर. नळीत बुडबुडा राहिला नाही ना, हे मी टॉर्च लावून बघते. सेन्सर असतो, पण सांध्यापाशी चिकटलेला बारीक बुडबुडा डोळ्यालाच आधी दिसतो.

दुसऱ्या टेबलावर सरांनी हेपॅटिक आर्टरी (लिव्हरची धमनी), पोर्टल व्हेन (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर), व्हेना कावा (रक्त परत हृदयाकडे नेणारी मोठी शीर) आणि पित्तनलिका अशा चारही ठिकाणी कॅन्युला, म्हणजे जोडनळ्या, बसवल्या. आतलं गार द्रावण धुऊन काढलं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, ते सर्किटमध्ये येऊ द्यायचं नसतं. मग क्लॅम्प काढले.

हे दृश्य मला अजून सवयीचं झालेलं नाही आणि होऊही नये असं वाटतं. राखाडी, थंडगार लिव्हर मधून कडेकडे लाल होत जातं. काही भाग मागे राहतात, ठिपक्याठिपक्यांचे दिसतात, मग तेही भरतात. हात लावला तर कोमट लागतं, थोड्या वेळाने उबदार.

पहिल्या अर्ध्या तासात रिझर्व्हॉयरची, म्हणजे सर्किटमधल्या परफ्युसेटच्या टाकीची, पातळी उतरू लागली. भराभर नाही, पण उतरत होती. अलार्म वाजायला अजून वेळ होता. कॅन्युलांचे सांधे कोरडे होते, लिव्हरखालच्या भांड्यात मात्र लाल साचत होतं. मी सांगितल्यावर सरांनी उजवा भाग दोन्ही तळव्यांवर अलगद उचलून धरला. मागच्या बाजूला, जिथे लिव्हर डायफ्रामला चिकटलेलं असतं तिथे, केसाएवढ्या एका वाहिनीतून संथ झरा चालू होता. सहा-शून्यच्या बारीक धाग्याचा एक टाका घातला आणि पातळी थांबली. रुग्णाच्या पोटात हीच जागा शोधायला किती यातायात पडली असती! यंत्राचा हा फायदा अभ्यासांच्या आकड्यांत कधी दिसत नाही, टेबलापाशी उभ्या राहणाऱ्यांना मात्र तो चांगला ठाऊक असतो.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं. आर्टरीतला प्रवाह सुरुवातीला मिनिटाला दोनशे मिलिलिटरच्या आत होता, तो साडेतीनशेवर गेला. पोर्टलचा प्रवाह लिटरच्या घरात. पहिल्या नमुन्यात लॅक्टेट लिटरला 14 मिलिमोल होतं, तासाभराने 7, आणि अडीच तासांच्या आत 1.8. खोलीतला ताण सैल झाला. भूलतज्ज्ञ दारातून डोकावून विचारून गेल्या, "बोलवू का पेशंटला?" प्रत्यारोपणाचा समन्वय बघणाऱ्या कोऑर्डिनेटरच्या हातात फोन तयारच होता.

लॅक्टेट हा फार मोहात पाडणारा आकडा आहे. उपाशी राहिलेल्या पेशींनी साचवलेलं लॅक्टिक आम्ल लिव्हर स्वतः वापरून संपवतं. म्हणजे आकडा उतरला की पेशी कामाला लागल्या. हे खरंच आहे. पण कुठल्या पेशी? लिव्हरच्या मुख्य पेशी, ज्यांना पोर्टल व्हेनचंही रक्त मिळतं. पित्तनलिकांचा सगळा भार एकट्या आर्टरीवर असतो. नलिकेभोवतीचं बारीक केशवाहिन्यांचं जाळं एकदा बुजलं की आतलं अस्तर गळून पडतं. लॅक्टेटला त्याचा पत्ताही नसतो. रुग्ण शस्त्रक्रियेतून सुखरूप उठतो, घरी जातो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी कावीळ सुरू होते. नलिका जागोजागी आकसलेल्या असतात, मग ताप, संसर्ग, स्टेंट आणि शेवटी काहींना दुसरं लिव्हर.

बर्मिंगहॅमच्या टीमने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. सर्वांनी नाकारलेली 31 लिव्हर त्यांनी यंत्रावर लावली. चार तासांत लॅक्टेट 2.5 किंवा त्याखाली आलं पाहिजे, ही मुख्य अट. जोडीला आणखी काही कसोट्या. त्यांतली 22 बसवली गेली आणि 90 दिवसांनी सगळे रुग्ण जिवंत होते. टाकून दिली जाणारी 22 लिव्हर! ही बाजू सगळे सांगतात. त्याच अभ्यासात पुढे चार जणांच्या पित्तनलिका आकसल्या आणि त्यांना पुन्हा प्रत्यारोपण करावं लागलं, ही दुसरी बाजूही तितक्याच ठळकपणे सांगायला हवी. नेदरलँड्समधली ग्रोनिंगनची टीम तेव्हापासूनच पित्ताचा पीएच बघत होती. निरोगी नलिका पित्तात बायकार्बोनेट सोडते, त्याने पीएच वर जातो, आणि पित्तातली साखर ती शोषून घेते. तिथे पीएच 7.45 च्या वर गेला तरच लिव्हर स्वीकारत.

आमच्या लिव्हरने पित्तही दिलं होतं. नळीतून थेंब थेंब पिशवीत जमत होतं, रंग सोनेरी-तपकिरी, बघून समाधान वाटावं असा. माझ्या ज्युनियरने पिशवीतून नमुना घेतला आणि गॅस अॅनालायझरवर लावला. पीएच 7.52. त्याने आनंदाने कागद दाखवला.

मी विचारलं, "पिशवीतून घेतलास की नळीतून?"

"पिशवीतून, मॅडम. नळीत फार थोडं होतं."

पिशवीतलं पित्त तासाभरापासून साचत होतं, आणि वर हवा होती. उघड्या ठेवलेल्या सोड्यातून वायू उडून जातो तसा पित्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आपोआप वर चढतो. नलिकेचं अस्तर जिवंत असो वा नसो, असा कागद चांगलाच येतो. यात त्या मुलाची चूक नव्हती. नमुना कसा घ्यायचा हे आमच्या नोंदीच्या कागदावर कुठे लिहिलेलंच नव्हतं.

मी पिशवी काढली. एका बारीक नळकांडीत निर्जंतुक खनिज तेल घेतलं आणि पित्तनलिकेच्या कॅन्युलाचं टोक तेलाच्या खाली बुडवून धरलं, म्हणजे थेंबाला हवा लागत नाही. थेंब तेलातून खाली उतरत होते. नमुन्यापुरतं जमेपर्यंत तसंच हात धरून उभं राहावं लागलं. भूलतज्ज्ञ पुन्हा आल्या, मी मान हलवली, त्या काही न बोलता थांबल्या. नमुना सिरिंजमध्ये तेलाखालून ओढला आणि लावला.

पीएच 7.21. परफ्युसेटमधली साखर आणि पित्तातली साखर जवळजवळ सारखीच.

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले. "अजून एकदा," म्हणाले. यंत्राने आम्हाला वेळ दिला होता, तो वापरायचं ठरलं. बर्फावर असतं तर घड्याळाने मागे तगादा लावला असता. पुढच्या दोन तासांत तसेच तेलाखाली आणखी नमुने घेतले. लॅक्टेट दीडच्या खाली गेलं, प्रवाह उत्तम, लिव्हर मऊ, लालबुंद. पित्ताचा पीएच मात्र 7.25 च्या पुढे सरकला नाही.

मग चर्चा झाली, आणि ती सोपी नव्हती. आमच्यातल्या एका सर्जनचं म्हणणं होतं की बाईंकडे किती दिवस आहेत ते माहीत नाही. नलिका सगळ्यांच्याच बिघडतात असं नाही. लिव्हर काम करतंय, हे तर डोळ्यांसमोर दिसतंय. त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. सरांनी मला विचारलं, "तुझा त्या आकड्यावर विश्वास आहे?" मी म्हणाले, "पिशवीतल्यावर नाही. तेलाखालच्या सगळ्यांवर आहे." साखरही तेच सांगत होती, आणि साखरेवर हवेचा परिणाम होत नाही. दोन वेगळ्या मापांनी एकच गोष्ट सांगितली होती.

सरांनी नकार दिला.

वॉर्डात ते स्वतः गेले, मला बरोबर चल म्हणाले. बाई ऑपरेशन थिएटरचा गाऊन घालून तयार बसल्या होत्या. सरांनी आडवळण घेतलं नाही. लिव्हर चालतंय, पण त्यातल्या नलिका टिकतील असं वाटत नाही, म्हणून बसवत नाही, एवढं सांगितलं. त्यांच्या यजमानांनी विचारलं, "चालतंय म्हणता, मग नाही का म्हणता?" हा प्रश्न रास्त होता. सरांनी कागदावर लिव्हर काढून, नलिका काढून, पुन्हा पहिल्यापासून समजावलं. बाईंनी विचारलं ते वेगळंच. ज्यांनी दिलं त्यांच्या घरच्यांना कसं सांगणार? ते काम कोऑर्डिनेटरचं असतं आणि आमच्या कोऑर्डिनेटर ते फार जपून करतात. त्या कुटुंबाने दान दिलं ते दिलंच. लिव्हर बसवता आलं नाही म्हणून त्यात तसूभरही उणं येत नाही, हे त्यांच्यापर्यंत नीट पोचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

परत येऊन यंत्र बंद केलं. पंप थांबवताना मला वाईट वाटलं, खूपच वाटलं. उबदार, चांगल्या रंगाचं, काम करणारं लिव्हर समोर असताना बटण दाबणं हे बर्फाची पेटी परत पाठवण्यासारखं नसतं. संमतीपत्रात तपासणीची परवानगी होती, म्हणून पित्तनलिकेचा तुकडा पॅथॉलॉजीला पाठवला.

काही दिवसांनी अहवाल आला. नलिकेचं अस्तर जवळपास सगळीकडे गळालेलं होतं. पण अस्तर बहुतेक लिव्हरमध्ये थोडंफार गळतंच आणि पुन्हा येतं. ते जिथून येतं त्या नलिकेच्या भिंतीतल्या खोल ग्रंथीही मेलेल्या होत्या, भोवतीच्या बारीक वाहिन्यांमध्ये गुठळ्या होत्या. त्या दिवशी वेगळं मत मांडणाऱ्या सर्जननी अहवाल वाचला आणि आमच्या बैठकीत सर्वांसमोर ठेवला.

"यंत्र लावलं, रक्त वापरलं, रात्र गेली आणि लिव्हर वायाच गेलं ना?" असं मला बाहेरची माणसं विचारतात. वापरलेल्या लिव्हरच्या संख्येवरच यंत्राची किंमत ठरवायची हे मला मान्य नाही. बर्फावर हेच लिव्हर एकतर न तपासता टाकलं गेलं असतं, नाहीतर बसवलं गेलं असतं. मुळात नलिकाच वाचवायच्या तर उपाय आधीपासून हवा. हृदय थांबल्यावर दिलेली लिव्हर गारच ठेवून दोन तास ऑक्सिजन असलेलं द्रावण फिरवलं तर फरक पडतो, हे नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत 2021 मध्ये दिसलं. नलिका आकसण्याचं प्रमाण 18 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आलं. आमच्याकडे तेव्हा ती सोय नव्हती. तिच्यासाठी मी त्या आठवड्यातच लेखी मागणी केली आणि पॅथॉलॉजीचा अहवाल आल्यावर तोही अर्जाला जोडला.

नोंदीचा कागद आम्ही लगेच बदलला. पित्ताचा रकाना आता लॅक्टेटच्या शेजारी आहे, पूर्वी तो शेवटच्या ओळीत असायचा. त्याखाली छापलंय: नमुना थेट कॅन्युलातून, तेलाखाली, पिशवीतून नाही, पित्ताची आणि परफ्युसेटची साखर एकाच वेळी. नवीन मुलांना ते शिकवायचं काम माझ्या ज्युनियरने स्वतःहून मागून घेतलं. तो दोन नमुने मुद्दाम घेतो, एक हवेत ठेवलेला आणि एक तेलाखालचा, आणि दोन्ही कागद त्यांच्या हातात देऊन विचारतो, यातलं कुठलं खरं?