आयर्विनला किती? सर्वात लहान आकड्याच्या मागे लागलेला पावसाळा

जून, पहिला आठवडा

पावसाळ्यात सांगलीत माणूस भेटला की "बरं आहे का" याच्याही आधी "आयर्विनला किती?" असं विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल. तिथं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. पण खरी गंमत पुढं आहे. इथं प्रत्येक गल्लीला स्वतःचा आकडा पाठ असतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडची माणसं तो आकडा जवळ आला की फ्रीज कॉटवर चढवतात आणि मगच टीव्ही लावतात.

तर या वर्षीचा उद्योग असा: नदी किती चढली की कुठला तुकडा ओला होतो, हे जमिनीच्या उंचीवरून आपल्या आपण काढायचं. पुराचा अंदाज वगैरे म्हणायची माझी छाती नाही, निव्वळ हौस. २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या खालच्या खोलीत ते चार दिवस मुक्कामाला होतं, एवढाच काय तो वैयक्तिक राग.

उंचीची माहिती फुकट मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या एंडेव्हर शटलनं अकरा दिवस रडारनं जमीन मोजली, त्यातली. एक अंश बाय एक अंशाची एक फाइल, तिच्यात ३६०१ गुणिले ३६०१ आकडे, म्हणजे १,२९,६७,२०१ चौकोन. एक चौकोन साधारण ३० मीटरचा आणि प्रत्येकाची उंची पूर्ण मीटरमध्ये, दोन बाइटची. फाइलचं नाव नैर्ऋत्य कोपऱ्यावरून पडतं, म्हणून सांगली एन१६ई०७४ मध्ये.

पहिल्याच संध्याकाळी घरापाशी उंची आली ९४७४ मीटर. एव्हरेस्ट ८८४९, म्हणजे आम्ही गच्चीवर ऑक्सिजन घेऊनच कपडे वाळत घालायला जायला हवं. कारण साधं होतं: या फाइलीत मोठा बाइट आधी लिहिलेला असतो आणि मी उलटा वाचत होतो. खरा आकडा ५४९, म्हणजे २ गुणिले २५६ अधिक ३७. उलटं केलं की ३७ गुणिले २५६ अधिक २, म्हणजे ९४७४. हा गोंधळ सगळेच एकदा करतात, माझा झाला.

जून, दुसरा आठवडा

आता मुख्य गोष्ट. "नदी दहा मीटर चढली तर दहा मीटरच्या आतलं सगळं बुडालं" असा हिशोब केला की नकाशा हास्यास्पद होतो. कुठल्या तरी शेतातली विहीरवजा खळगीही बुडते, जिच्यापर्यंत पाणी जायला वाटच नाही. पाणी वाटेनं येतं. सांगलीत तर ते समोरून येतच नाही. नदी फुगली की नाल्यातून मागं सरकतं आणि परसात उभं राहतं. शेरीनाल्याच्या बाजूला राहणाऱ्याला हे सांगायला नको.

म्हणून पद्धत अशी धरली. नदीचा एक चौकोन घ्यायचा. त्याचे आठ शेजारी काठावर ठेवायचे (हा नदीचा काठ नव्हे, पुढं बघायच्या चौकोनांची यादी). काठावर असलेल्यांपैकी ज्याची पातळी सर्वात कमी, तो उचलायचा, त्याच्या अजून न पाहिलेल्या शेजाऱ्यांना काठावर आणायचं, पुन्हा सर्वात कमी तो उचलायचा. शेजाऱ्याची पातळी म्हणजे त्याची स्वतःची उंची आणि आपण जिथून आलो तिथली पातळी यातली मोठी असेल ती. पाण्याला वाटेत जो सर्वात उंच उंबरा ओलांडावा लागला, तो त्या चौकोनाचा आकडा.

एक चौकोन काठावर एकदाच येतो, हे मला आधी पटत नव्हतं. रस्त्याचं अंतर काढताना तर एकाच गावाचा आकडा पुन्हा पुन्हा सुधारावा लागतो. इथं का नाही? कारण इथं बेरीज नाही, मोठा-लहान एवढंच आहे. एखाद्या चौकोनाला जो शेजारी आधी गाठतो तो सर्वात कमी पातळीचा असतो. नंतर येणारा त्याच्याइतका किंवा त्याहून वरचा, त्यामुळे सुधारायला काही उरतच नाही. कागदावर पाच बाय पाचची जाळी काढून बघितली तेव्हा डोक्यात बसलं. तुम्हीही काढा, वाचून बसत नाही.

पहिला प्रोग्राम पायथन या भाषेतला. काठ म्हणजे साधी यादी, त्यातून मिन, म्हणजे सर्वात लहान, काढायचा, मग तो यादीतून काढून टाकायचा. घराभोवतीचा ३०० गुणिले ३०० चा तुकडा घेतला, ९०,००० चौकोन. काठावर सरासरी हजार जण धरले तरी नऊ कोटी तुलना. चहा टाकून आलो तरी चालूच. पूर्ण फाइलचा हिशोब मांडला: काठ पंधरा हजारांचा धरला तर सुमारे १९,४५० कोटी तुलना. नाद सोडला.

मग वाटलं, यादी क्रमानं लावूनच ठेवू. प्रत्येक वेळी पूर्ण सॉर्ट करणं म्हणजे एक पाहुणा आला म्हणून पंगत उठवून पुन्हा बसवणं. त्यापेक्षा बायसेक्टनं, म्हणजे यादी निम्मी निम्मी करत, जागा शोधून मधे घुसवायचं. इथं एक फसवणूक आहे. जागा शोधायला चौदा पायऱ्या पुरतात, पण घुसवताना पुढच्या सगळ्यांना एकेक घर सरकवावं लागतं. आणि सर्वात लहान पुढच्या टोकाला असेल तर तो काढतानाही सगळी यादी सरकते. यादी उलटी लावली, लहान शेवटी, की काढणं फुकटात पडतं.

आणि खरं सांगायचं तर लहान तुकड्यावर या उलट्या यादीनं हीपच्या तोंडाला फेस आणला. (हीप म्हणजे सर्वात लहान आकडा चटकन देणारी रचना, ती पुढं येतेच.) कारण सपाट मुलखात नवीन येणारा शेजारी जवळपास त्याच उंचीचा, तो शेवटाकडेच घुसतो, सरकवायला फार जण नसतात. शिवाय ते सरकवणं पायथन आत एका झटक्यात करतो. "हीपच वापरा" असं आपण उठसूट सांगतो, तेव्हा आकडे कुठून येताहेत ते कुणी विचारत नाही. पूर्ण फाइलवर मात्र डोंगर लागले, काठ लांबला, नवा आकडा वाटेल तिथं घुसायला लागला आणि यादी बसली.

जून अखेर

हीपवर आलो. ही रचना जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ साली सॉर्टिंगसाठी मांडली. आमच्या भागातल्या माणसाला ती कुस्तीच्या मैदानावरून पटकन कळेल. मैदान कुणी मारलं ते महत्त्वाचं. सातवा कोण आणि आठवा कोण हे ठरवायला कुणी जास्तीची कुस्ती लावत नाही. हीपही तेवढंच बघतो: वरचा आपल्या खालच्या दोघांपेक्षा लहान किंवा बरोबर. खालच्या दोघांचं आपसात काय, त्याच्याशी देणंघेणं नाही. क्रमाची जेवढी गरज तेवढाच क्रम.

माझ्या काठावरचे सहा आकडे घेऊन दाखवतो: ५४७, ५४९, ५४८, ५५३, ५५०, ५५१. साधी यादीच आहे. मोजणी शून्यापासून, आणि क-व्या जागेची पोरं, म्हणजे खालचे दोघे, दोन क अधिक एक आणि दोन क अधिक दोन या जागांवर. ५४७ उचलला. रिकाम्या गादीवर शेवटचा ५५१ आणून बसवला. त्याच्याखाली ५४९ आणि ५४८, त्यातला लहान ५४८ वर आला, ५५१ त्याच्या जागी उतरला, खाली आता कुणी नाही. झालं: ५४८, ५४९, ५५१, ५५३, ५५०. दोन तुलना. पंधरा हजारांच्या काठालाही चौदाच मजले, प्रत्येक मजल्यावर फार तर दोन तुलना. पूर्ण फाइलला ३६ कोटींच्या आसपास, आधीच्या १९,४५० कोटींच्या जागी.

पायथनचा हीपक्यू, म्हणजे त्यातला तयार हीप, यातही हात राखून खर्च करतो. गादीवर बसवलेला आकडा शेवटच्या बाकावरून उचललेला, म्हणजे बहुतेक मोठाच, तो परत तळाशीच जाणार. म्हणून वाटेत त्याला विचारतच नाही. लहान पोराला वर ओढत ओढत थेट तळापर्यंत जातो, त्याला तिथं ठेवतो आणि मग गरज पडली तर थोडा वर आणतो. मजल्यामागं साधारण एकच तुलना. सोर्समधली टिप्पणी वाचण्यासारखी आहे.

एक खोड निघाली. मी हीपमध्ये उंची, ओळ, स्तंभ अशी तिकडी टाकत होतो. उंची सारखी असली की पायथन ओळीवर तुलना करतो, आणि फाइलीत पहिली ओळ उत्तरेची. त्यामुळे सपाट शेतात पाणी आधी उत्तरेकडे पळायचं आणि मग मागं वळायचं. शेवटचा नकाशा बरोबरच येतो, पण ॲनिमेशन बघणारा हसतो. उंचीनंतर एक चढता अनुक्रमांक टाकला, आधी आला तो आधी.

जुलै, पहिला आठवडा

वेग पाहिजे म्हणून सी प्लस प्लसमध्ये लिहिलं आणि तोंडावर पडलो. तिथली प्रायॉरिटी क्यू, म्हणजे तिथला तयार हीप, गुपचूप सर्वात मोठा आकडा देते. पाणी नदीतून निघालं ते थेट समोर दिसेल त्या टेकाडावर चढलं आणि तिथून खाली उतरून सगळ्या सांगलीला टेकाडाची पातळी देऊन मोकळं झालं. नकाशात एकच रंग. अर्धा तास फाइलीला शिव्या घातल्या. घोषणेत ग्रेटर लिहिलं की लहान वर येतो. ग्रेटर म्हटल्यावर लहान मिळतो, हे पाठच करायचं, पटवून घ्यायला जायचं नाही.

जुलै, तिसरा आठवडा

वरचीच यादी पुढं न्या. हातात ५४८, त्याचा एक शेजारी ५४५ चा खड्डा. नियमानं त्याची पातळी ५४८. त्याला हीपमध्ये टाकला, तो तळाशी बसला, वरच्याशी भांडत पुन्हा शेंड्यापाशी आला. पण हीपमध्ये ५४८ पेक्षा लहान कुणी असणारच नाही, आपण सर्वात लहानच उचलत आलोय. मग याला मैदानात उतरवायचंच कशाला? अशांसाठी बाजूला एक साधी रांग ठेवली. रांगेत कुणी असेल तर आधी तो, नसेल तर हीप. पसरट खोलगट भाग सगळा रांगेतूनच निघून जातो, एकही तुलना न करता. ही युक्ती माझी नाही. खड्डे भरण्याच्या या पद्धतीला प्रायॉरिटी-फ्लड म्हणतात आणि बार्न्स, लेहमन आणि मुल्ला यांच्या २०१४ च्या निबंधात ती नीट मांडली आहे.

तिथूनच पुढचं सुचलं. उचललेली पातळी कधी मागं जात नाही, वाढतच जाते. आणि माझ्या तुकड्यात चौकोन ९०,००० असले तरी उंच-सखलातला फरक शंभर मीटरचाही नाही, आणि आकडे पूर्णांक. मग हीप तरी कशाला? प्रत्येक मीटरला एक डबा. ५४८ वाला ५४८ च्या डब्यात. डबा रिकामा झाला की पुढचा उघडायचा, मागं वळून बघायचं नाही. तुलना शून्य. वेगळी रांगही नको, खड्ड्यातला चालू डब्यातच पडतो. रॉबर्ट डायल यांनी १९६९ मध्ये कमीत कमी अंतराच्या वाटांसाठी हेच केलं होतं. प्रोग्राम हीपपेक्षा लहान झाला आणि पूर्ण फाइल बघता बघता संपते. महिनाभर हीप घोटून शेवटी डब्यावर आलो याची थोडी लाज वाटली, पण हीप न घोटता डबे सुचले नसते.

ऑगस्ट

निकाल घेऊन शेजारच्या काकांकडे गेलो. त्यांच्या भिंतीवर ऑइलपेंटच्या दोन रेघा आहेत, खालची २००५ ची, वरची २०१९ ची, मधे कमरेएवढं अंतर. काकांनी चष्मा लावून नकाशा बघितला.

"आमची गल्ली आणि मागची गल्ली एकच रंग कसा रे? मागच्यांकडं आमच्या आधी येतं."

"काका, एक रंग म्हणजे एक मीटर. सव्वातीन फूट."

"मग काय उपयोग? आम्ही बोटानं मोजतो."

बरोबर आहे. इशारा आणि धोका यात पाच फूट, म्हणजे जेमतेम दीड मीटर. ज्या फरकावर अख्खं गाव सामान हलवतं तो माझ्या दोन डब्यांत मावतो. शिवाय रडारला छप्पर आणि झाडही जमीनच वाटते.

मग त्यांनी रेल्वेच्या भरावामागच्या तुकड्यावर बोट ठेवलं. माझ्या हिशोबानं तिथं पाणी यायला नदी दहा मीटर चढायला हवी, भराव आडवा आहे म्हणून. "छे, तिथं लवकर येतं. भरावाखाली मोरी आहे की."

वरून बघणाऱ्या रडारला मोरी कुठून दिसणार? घरी येऊन त्या जागचे दोन चौकोन हातानं खाली उतरवले, पुन्हा चालवलं. दहाचे आठ झाले, आणि मागची सगळी शेतं एकदम रंगली. काकांनी आणखी चार मोऱ्या कागदावर काढून दिल्यात, त्यातल्या दोन त्यांनाच नक्की आठवत नाहीत. उद्या पाऊस उघडला तर सायकलवरून बघून येतो. त्यानंतरचं काम म्हणजे बारीक उंची, अपूर्णांकातली. ५४८.३७ ला डबा नाही, तेव्हा हीपचा प्रोग्राम पुसलेला नाही.