साथीच्या दिवसांत बाळंतपण घरी करावे का?

‘ताई, पुन्हा कोरोनासारखी साथ आली, तर दवाखान्याच्या गर्दीत जाण्यापेक्षा बाळंतपण घरीच केलेले बरे नाही का?’ हा प्रश्न मला नाशिकला पंचवटीतल्या शेजारणींनी विचारला आहे आणि पेठ तालुक्यातल्या पाड्यांवरच्या सासवांनीही. मी प्रसाविका म्हणून याच जिल्ह्यात काम केले आणि टाळेबंदीचा काळ पाड्यांवर काढला. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

केवळ साथीच्या भीतीने बाळंतपण घरी करायचे ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे. नऊ महिने सगळ्या तपासण्या उत्तम आल्या असल्या तरी बाळ बाहेर आल्यानंतर रक्तस्राव कोणत्याही बाईला होऊ शकतो. अर्धा लिटरच्या वर रक्त गेले की तो धोका मानतात. अंगात मुळातच रक्त कमी असलेली बाई त्याहून कमी रक्त गेले तरी खचते. विषाणू मास्कने, मोकळ्या हवेने, अंतराने बराच दूर ठेवता येतो, पण वाहते रक्त थांबवण्याची साधने घरात फार थोडी असतात. शिवाय बाधित बाईला दवाखान्याचे दार बंद असते असेही नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात २०२० साली कोरोनाबाधित शेकडो माता बाळंत झाल्या. जिचे आधीचे सिझेरियन आहे, रक्तदाब वाढलेला आहे, जुळे आहे किंवा बाळ आडवे आहे, तिच्याबाबत तर हा विचार मनातही आणू नये.

पण ठरवून घरी आणि नाइलाजाने घरी, यांत फरक आहे. जुलै २०२० मधल्या एका पावसाळी रात्री सावळ घाटापलीकडच्या एका पाड्यावर दुसरटकरणीला कळा सुरू झाल्या. मी आधीच गाडी ठरवून ठेवली होती, चालकाचा नंबर भिंतीवर कोळशाने लिहून घेतला होता. परंतु त्याच दिवशी त्याच्या गल्लीत रुग्ण सापडल्याने गल्ली बंद झाली होती आणि दुसऱ्या गाडीचा विचार मी केलाच नव्हता. ही चूक माझी होती. १०८ ला फोन लावला, रुग्णवाहिका निघालीही, पण घाटातल्या पावसात ती पोहोचण्याआधीच बाळ येणार हे दिसत होते. त्या रात्रीपासून मी प्रत्येक घरी दोन गाड्या, दोन नंबर आणि रात्री गाडीसोबत कोण जाणार त्याचे नाव, एवढे आठव्या महिन्यातच लिहून घेऊ लागले. साथीत रस्ते, गल्ल्या, माणसे केव्हा अडतील याचा नेम नसतो, म्हणून ही तयारी मी मास्कच्याही आधी मोजते.

त्या खोलीत आम्ही सहा जणी होतो. सासूबाई आणि मी सोडून बाकी सगळ्यांना ओसरीवर बसवले. खिडकी मात्र सासूबाई उघडू देईनात, कारण बाळंतिणीला वारे बाधते, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. आणि ती सगळीच खोटी नाही, नवजात बाळ खरोखरच चटकन गार पडते. म्हणून मी वाद घातला नाही. बाज झोतातून काढून आतल्या भिंतीला लावली, बाळासाठी धुतलेली मऊ लुगडी शेगडीजवळ ऊबेला ठेवली, आणि मग खिडकी उघडली. बंद खोलीत एकाचा श्वास दुसऱ्याला मिळत राहतो, हे सांगितल्यावर त्यांना पटले.

त्यांनी कौतुकाने सॅनिटायझरची बाटली पुढे केली, तेव्हा समईही जळत होती आणि शेगडीही. सॅनिटायझरमध्ये साधारण साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असते आणि ते भडकन पेट घेते. ज्या खोलीत विस्तव आहे तिथे ते वापरू नये आणि बाळावर तर कधीच शिंपडू नये. साबण आणि पाणी पुरते, मात्र अंगठी-बांगड्या काढून, नखांखालून, कोपरापर्यंत. व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ साली क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि सूतिकाज्वराने होणारे मृत्यू एकदम घटले, ते जंतूंमुळे रोग होतो हे कोणाला ठाऊक नसतानाच्या काळात. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे पाते, नाळ बांधायला स्वच्छ दोरा, आणि नाळेवर राख, हळद, तेल काहीही न लावणे, हे जुने नियम साथीत एका कणानेही सैल होत नाहीत. सांडलेल्या रक्तावर अर्धा टक्का क्लोरिनचे पाणी दहा मिनिटे ठेवून मग पुसावे. पाच टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग असेल तर नऊ भाग पाणी घालावे.

अंगावर प्लास्टिकचा एप्रन, तोंडावर एन-९५, वर पारदर्शक ढाल, अशी मी आत आले तेव्हा ती मुलगी घाबरून भिंतीकडे वळली. मी अंगणात, लांब उभी राहून आधी तिला चेहरा दाखवायला हवा होता. ढालीवर वाफ धरली होती, म्हणून नाळेचे ठोके बोटांनीच चाचपले आणि ते थांबल्यावर मगच नाळ बांधली. काम संपल्यावर हातमोजे आधी काढतात, हात धुतात, एप्रन उतरवतात, आणि मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर येऊन. दमलेल्या माणसाचा हा क्रम हमखास चुकतो, आणि लागण होण्याची भीती तिथेच जास्त असते.

बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवले. आई बाधित असली तरी तिने मास्क लावून, हात धुऊन पाजावे, असाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता, आणि तरीही कित्येक घरांत बाळाला भीतीने वेगळे करून वरचे दूध दिले गेले, याचे मला अजून वाईट वाटते.

रुग्णवाहिका पहाटे आली, तेव्हा रक्तस्राव आटोक्यात होता, तरीही मी मायलेकरांना तपासणीसाठी पाठवलेच. जाता जाता सासूबाईंनी पाचवीला कोणाकोणाला बोलवायचे ते विचारले. मी सांगितले की सटवाईची पूजा घरच्या दोघीच करा, आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी येऊन बाळाला तपासतील, त्यांना तेवढे आत घ्या, आणि बाळंतविडा घेऊन येणाऱ्यांना तो ओसरीवर ठेवायला सांगा. त्यांनी तसेच केले. बारसे दिवाळीनंतर झाले.