आमची वाटचाल: भाकरीचा पापुद्रा आणि ग्रॅफाइट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांनी पहिला लेथ बसवला तो यंत्रमागांच्या सुट्या भागांसाठी. मागवाले सकाळी मोडकं घेऊन यायचे, संध्याकाळी नवं न्यायचे. मंदीत माग थांबले की आमचा लेथही थांबायचा. मग एका सराफाने सोनं ओतायला ग्रॅफाइटचा साचा मागितला आणि आम्ही जे काळे झालो ते आजतागायत. ग्रॅफाइट कापायला मऊ, पण त्याची धूळ वीज वाहून नेते. पहिल्याच वर्षी लेथचं पॅनल शॉर्ट झालं. धूळ ओढणारं मशीन आधी घ्यायला हवं होतं. आम्ही आधी दुकानाची पाटी रंगवली.

खरा दणका बसला एका प्रयोगशाळेच्या कामात. पायरोलिटिक ग्रॅफाइटच्या चकतीला चार भोकं पाडायची होती, एवढंच. आमचा रोजचा ठोकळा कोक आणि डांबर मळून, भाजून, सुमारे 3000 अंशांना तापवलेला असतो. त्यात स्फटिक कसेही पडलेले, कुठूनही कापा. ही चकती मात्र मिथेनसारखा वायू 2000 अंशांच्या आसपास फोडून, थरावर थर चढवून केलेली. तीच दाबाखाली पुन्हा 3000 अंशांपर्यंत तापवली की थर जवळजवळ समांतर होतात. उत्तम प्रतीत त्यांचा तिरकेपणा अर्ध्या अंशाच्या आत. एका थरातले शेजारचे अणू 0.142 नॅनोमीटरवर, दोन थर मात्र 0.335 वर. थराथरांतली पकड इतकी सैल, की ड्रिल खालून बाहेर पडताच शिळ्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे थर सुटले. भरपाई दिली. आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही.

तिथल्या सरांनी रागवायच्या ऐवजी तुकड्यावर चिकटपट्टी लावली आणि ओढली. खाली आरशासारखा कोरा थर! मँचेस्टरच्या गाइम आणि नोव्होसेलोव या शास्त्रज्ञांनी याच युक्तीने ग्राफीन, म्हणजे ग्रॅफाइटचा एका अणूएवढा पातळ थर, वेगळं केलं, त्याचा शोधनिबंध 2004 चा आणि नोबेल 2010 चं, हे मला त्या दिवशी कळलं.

असला माल आम्ही बनवत नाही, तेवढी भट्टी आमच्याकडे नाही. फक्त कापतो, भोकं पाडतो. खाली साध्या ग्रॅफाइटचा टेकू आवळून देतो, आणि प्रत्येक तुकड्यावर आधी खडूने थरांच्या दिशेचा बाण. थरांच्या दिशेने यातून तांब्याच्या सुमारे चौपट उष्णता वाहते, थरांना आडवी फारच थोडी. म्हणून ड्रॉइंगवर थरांची दिशा नसेल तर काम घेतच नाही. दोन गिऱ्हाइकं त्यावरून रुसून गेली. एक परत आलं, पापुद्रे सुटलेला तुकडा रुमालात बांधून.