पदवीप्रदान समारंभाला काय घालावे

पदवीप्रदान समारंभाचा दिवस जवळ आला, की आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थी विचारतात त्यांतील बरेचसे प्रश्न कपड्यांविषयीचे असतात. त्यांना मी आधी एकच गोष्ट विचारते : तुमच्या समारंभात गाऊन आहे की उपरणे? पुण्यात आज दोन्ही पद्धती चालू आहेत आणि कपड्यांची निवड प्रामुख्याने त्यावरच ठरते.

काळा गाऊन ही युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांची देणगी. तेथील थंड दगडी इमारतींत धर्मगुरू आणि विद्यार्थी अंगभर झगे घालत असत, ही गोष्ट समजण्यासारखी आहे. परंतु तोच झगा पॉलिएस्टरच्या कापडात शिवून पुण्यातील फेब्रुवारीच्या दुपारी मांडवात घालून बसण्यामागचे कारण मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही. 2010 मध्ये भोपाळ येथील समारंभात तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच गाऊन उतरवला, त्याची बरीच चर्चा झाली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानेही समारंभाच्या वेशासाठी हातमागाचे कापड वापरावे, असे विद्यापीठांना सुचवले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने कुर्ता-पायजमा आणि उपरणे स्वीकारले खरे, पण जानेवारी 2019 मधील समारंभात पुणेरी पगडीच का, महात्मा फुले यांची पगडी का नाही, असा प्रश्न विचारत विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. ज्या विद्यापीठाला 2014 पासून सावित्रीबाईंचे नाव आहे, तेथे हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविकच होते, असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष कपड्यांकडे वळू. गाऊन असेल, तर तुमच्या पोशाखाचे गळा आणि पावले एवढेच भाग लोकांना दिसतात, त्यामुळे महागड्या कुर्त्यावरील छातीभर भरतकाम त्या दिवशी वाया जाते. मुलांनी कॉलरचा, फिकट रंगाचा सुती शर्ट घालावा. गाऊनवरचा पट्टा मागे घसरू लागला, तर तो शर्टाच्या बटणाजवळ पिनेने अडकवता येतो. त्यावर ब्लेझर चढवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण दोन थरांखाली घामाघूम झालेला चेहराच पुढे कायमचा छायाचित्रात राहतो.

मुलींपैकी बहुतेकींना साडी नेसायची असते आणि त्यात आईची पैठणी नेसण्याची इच्छा असणाऱ्या पुष्कळ असतात. त्या इच्छेला माझा विरोध नाही; पण जरीचा जाड पदर आणि खांद्यावरील निऱ्या गाऊनखाली फुगतात, आणि गाऊनची चेन जरीत अडकली तर ती सोडवताना आईचा जीव वरखाली होतो. पैठणीच हवी असेल, तर ती उपरण्याच्या समारंभाला नेसावी. गाऊनखाली इरकल, नारायणपेठ किंवा मऊ सुती साडी अधिक बरी. पदराच्या निऱ्या अरुंद घालून खांद्यावर पिनेने पक्क्या कराव्यात. लक्ष्मी रस्त्यावर खास या दिवसासाठी नवी साडी घेतलीच, तर ती आधी एकदा तरी नेसून, घरातल्या जिन्यावर चढून-उतरून पाहावी. टोपी असेल तर उंच अंबाडा घालू नये, टोपी त्यावर बसत नाही. मानेजवळची वेणी किंवा सैल खोपा चालतो, आणि गजरा टोपी परत केल्यावर माळावा. सलवार-कमीज घालणाऱ्यांना यातली एकही चिंता नसते आणि तो पोशाख साडीपेक्षा कमी औपचारिक आहे, असे मी मुळीच मानत नाही.

उपरण्याच्या समारंभात सगळा पोशाख दिसतो, म्हणून तेथे कापडाच्या दर्जाला आणि इस्त्रीला महत्त्व येते. मोतिया किंवा पांढरा कुर्ता उत्तम. उपरण्याला रंगीत काठ असल्यास कुर्ता साधाच असावा. उपरणे नुसते गळ्यात टाकले तर प्रमाणपत्र दोन्ही हातांनी स्वीकारताना वाकल्यावर ते पुढे लोंबते, तेव्हा दोन्ही बाजूंना आतून बारीक पिना लावून घ्याव्यात.

पादत्राणांची निवड मुले सर्वांत शेवटी करतात आणि त्यांचाच त्रास सर्वांत अधिक होतो. व्यासपीठाच्या लाकडी पायऱ्या अरुंद असतात, त्यांवर अंथरलेले कापड सरकते आणि उंच टाचा त्यात रुततात. नव्या कोल्हापुरी चपला पायाला लागतात, म्हणून त्या आधी काही दिवस घरात वापराव्यात.

पालकांनी काय घालावे, असेही विचारले जाते. त्यांना बसण्याचाच वेळ अधिक असतो, म्हणून जे अंगाला सुखावह असेल ते घालावे. सकाळचा गारवा दुपारी टिकत नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

गाऊन बहुधा अनामत रक्कम भरून मिळतो आणि त्याच दिवशी परत करावा लागतो. म्हणून गाऊनमधील छायाचित्रे कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच काढून घ्यावीत. नंतर परतीच्या रांगेत सगळे घाईत असतात. गाऊन उतरवल्यावर मात्र आपल्या साडीतले किंवा कुर्त्यातले एक छायाचित्र आई-वडिलांसह आवर्जून काढावे.