सर्नच्या पलीकडचं गाव: सां-जनी-पुयी

जिनिव्हाला गेलेली आपली मंडळी तळ्यातलं कारंजं बघतात, १८ नंबरच्या ट्रामने सर्न या कणभौतिकीच्या मोठ्या प्रयोगशाळेला एक चक्कर मारतात आणि परत फिरतात. त्या ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतरलं की फ्रान्सची हद्द अगदी समोर. नाका ओलांडून तीनेक किलोमीटर गेलं की सां-जनी-पुयी. माझी भाची मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडून (टीआयएफआर) सर्नच्या सीएमएस या प्रयोगावर काम करते, तिचं घर याच गावात, म्हणून आमचा मुक्काम तिथे पडला.

आधीच सांगते, गावात 'बघण्यासारखं' फार नाही. चौक, बेकरी, ल्यों नावाची छोटी नदी आणि बाकी फ्लॅटच्या इमारती. १९५४ मध्ये सर्न स्थापन झालं, पुढे त्याचा पसारा सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये आला आणि शेतीवाडीचं हे गाव फुगत गेलं. "मावशी, पगार तिकडचा आणि भाडं इकडचं, एवढं एकच गणित आहे इथे," असं भाची म्हणाली. सकाळी नाक्याकडे जाणारी गाड्यांची रांग बघितली की ते पटतं. बेकरीतल्या रांगेत इटालियन, स्पॅनिश, इंग्रजी सगळं कानावर पडतं. एकदा तर मागून बंगालीही ऐकू आली.

खरी गंमत पायाखाली आहे. एलएचसी या सर्नच्या कण वेगाने पळवणाऱ्या यंत्राचा २७ किलोमीटर घेराचा बोगदा जमिनीखाली साधारण १०० मीटरवर आहे आणि त्याचा बराचसा भाग फ्रान्समध्येच येतो. त्यातले प्रोटॉन सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारतात, आणि प्रत्येक फेरीत बिनव्हिसाचे सरहद्द ओलांडतात! वर मात्र मक्याची शेतं आणि गाई. एलएचसीवरचाच अ‍ॅलिस हा प्रयोग याच गावाच्या हद्दीत आहे, पण रस्त्यावरून दिसतात फक्त शेड आणि कुंपण. तेवढ्यासाठी वाट वाकडी करू नका. संध्याकाळी शेतांकडच्या रस्त्याने मात्र जरूर फिरा. एका बाजूला जुराची डोंगररांग, हवा स्वच्छ असेल तर दुसऱ्या बाजूला आल्प्समधलं माँ ब्लाँ शिखर.

सर्नचं सायन्स गेटवे हे प्रदर्शन २०२३ मध्ये उघडलं. प्रवेश फुकट, सोमवारी बंद. आत शिरल्याशिरल्या आधी मार्गदर्शित फेरीसाठी नाव नोंदवा. नोंदणी त्याच दिवशी होते आणि जागा मोजक्या असतात. प्रदर्शन नंतर निवांत बघता येतं. या फेरीत बोगद्यात उतरायला मिळत नाही, तेव्हा मुलांना तशी आशा लावू नका. भारत सरकारने २००४ मध्ये दिलेला नटराज सर्नच्या कुंपणाच्या आत आहे. तो बघायचा तर आत काम करणारं कुणीतरी ओळखीचं हवं.

व्हिसाचं नीट बघा. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांत चालतो, पण रात्री फ्रान्समध्ये जास्त काढणार असाल तर अर्ज फ्रान्सकडेच करावा लागतो. जिनिव्हातल्या हॉटेलात उतरलात तर शहरातल्या ट्राम-बसचा मोफत पास मिळतो. तो सर्नपर्यंत चालतो, पलीकडे नाही. सरहद्द ओलांडणाऱ्या बससाठी वेगळं तिकीट काढा. फोनवर तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. गावात बसल्याबसल्या तो स्विस नेटवर्क पकडतो आणि युरोपीय संघापुरत्या सिमवर त्याचे पैसे वेगळे लागू शकतात. नेटवर्क हाताने निवडून ठेवलेलं बरं.

दुपारी दोननंतर ते संध्याकाळी सातपर्यंत जेवण मिळणं कठीण, रविवारी दुपारनंतर दुकानंही बहुतेक बंद. शाकाहारी असाल तर बेकरी आणि चीज यांवर दिवस निघतो. इथलं ब्लू द जेक्स चीज उग्र वासाचं असतं. मला आवडलं, नवऱ्याने खिडकी उघडली. शनिवार सकाळ मोकळी असेल तर फेर्ने-व्होल्तेरचा बाजार गाठा. व्होल्तेर या फ्रेंच लेखक-विचारवंताने आयुष्याची शेवटची वीसेक वर्षं तिथे काढली, त्याचा वाडाही बघता येतो. फक्त तिथून मांस घेऊन स्वित्झर्लंडमध्ये शिरणार असाल तर मर्यादा माणशी एक किलो आहे, आणि नाक्यावर खरोखर पिशव्या बघतात.