शंभर माशांमागे पाच जखमा

"अगं, तू नक्की करतेस तरी काय तिकडे?" आई अजूनही फोनवर विचारते. मासे मोजते, असं मी सांगते. खरं तर मी माशांच्या जखमा मोजते.

मी ह्युरॉन सरोवरावर काम करते. अमेरिका-कॅनडा सीमाभागातल्या पाच महासरोवरांपैकी हे एक. काठावर उभं राहिलं की पलीकडचा किनारा दिसत नाही, लाटा समुद्रासारख्या येतात, फक्त वारा खारट नसतो. वसंतात आम्ही आदल्या दिवशी टाकलेली गिल नेट, म्हणजे कल्ल्यांत मासा अडकवणारी जाळी, ओढतो आणि टेबलावर एकेक लेक ट्राउट येत जातो. लांबी, वजन, नर की मादी, पोटात काय सापडलं, हे सगळं लिहून झालं की मासा दोन्ही अंगांनी उलटायचा आणि कल्ल्यांमागून, छातीच्या पराखालून बोट फिरवायचं. नाण्याएवढा गोल खड्डा लागला आणि आतलं मांस उघडं दिसलं, तर ती 'ए-१' जखम. थोडी भरत आली असेल तर 'ए-२', निम्म्याहून जास्त भरली तर 'ए-३', पूर्ण भरली तर 'ए-४'. सुरुवातीला दोन आणि तीनमध्ये माझा फार गोंधळ व्हायचा. बोटीवरचे एक जुने तंत्रज्ञ म्हणाले, "डोळ्यांनी नको, अंगठ्याने बघ." तेव्हापासून मी कडाक्याच्या थंडीतही उजव्या हाताचा हातमोजा काढून ठेवते.

या जखमा करतो समुद्री लॅम्प्रे. दिसायला वामेसारखा लांबट, पण जबडा नाही. गोल तोंडात दातांची वर्तुळं. माशाला चिकटतो आणि रक्त शोषतो. असा एक लॅम्प्रे आयुष्यात १८ किलोपर्यंत मासे मारू शकतो. वरच्या सरोवरांत तो पूर्वी नव्हता, कारण वाटेत नायगारा धबधबा होता. धबधब्याला वळसा घालणारा वेलँड कालवा १९१९मध्ये सुधारला, १९२१मध्ये लॅम्प्रे ईरी सरोवरात दिसला आणि १९३८पर्यंत थेट सुपीरियर सरोवरात पोचला. आधीच मासेमारीने वाकलेला लेक ट्राउट त्याने पार मोडला. ह्युरॉनमध्ये जॉर्जियन बेच्या एक-दोन कोपऱ्यांतच काय ते उरले.

दोन्ही देशांनी १९५४मध्ये करार करून ग्रेट लेक्स फिशरी कमिशन नेमलं. तोवर याच सरोवराकाठच्या हॅमंड बे केंद्रात व्हर्नन ॲपलगेट आणि त्यांचे सहकारी बरण्यांमध्ये एकेक रसायन घालून बघत होते: लॅम्प्रेच्या अळ्या मराव्यात, मासे जगावेत. जवळजवळ ६,००० रसायनं तपासली, तेव्हा टीएफएम हे रसायन हाती लागलं. अळ्या ओढ्यांच्या गाळात वर्षानुवर्षं दडून राहतात, म्हणून औषध तिथेच सोडायचं. १९५८पासून ओढ्यांत ते सोडायला लागले आणि पुढे लॅम्प्रे ९० टक्क्यांच्या आसपास घटले. त्या बरण्यांच्या वेळच्या चिकाटीपुढे मी मनापासून हात जोडते.

पण ओढ्यात एकदा औषध सोडलं की संपलं, असं होत नाही. काही वर्षांनी तोच ओढा पुन्हा करावा लागतो. आमचं लक्ष्य आहे, ५३२ मिलिमीटरहून मोठ्या शंभर माशांमागे पाचपेक्षा जास्त ताज्या जखमा नकोत. २०२०मध्ये कोविडमुळे बरेचसे ओढे राहून गेले आणि त्यानंतर लॅम्प्रे पुन्हा वाढले. त्या काळात टेबलापाशी उभी राहिले की छातीत धस्स व्हायचं.

लॅम्प्रे आटोक्यात आले, हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रातून, ट्राउटची लाखो बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली, तरी ह्युरॉनच्या मुख्य भागातच जन्मलेली पिल्लं फारशी दिसेनात. कारण निघालं जेवणात. बाहेरून आलेला एलवाइफ हा छोटा मासा ट्राउटचं मुख्य खाणं झाला होता. त्यातल्या थायमिनेज या विकरामुळे ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, मादीच्या अंड्यांत ते कमी पडतं आणि पिल्लं जन्मताच दगावतात. वर एलवाइफ त्या पिल्लांना खातात ते वेगळंच. २००३-०४च्या सुमारास ह्युरॉनमधले एलवाइफ कोसळले आणि ट्राउटची पिल्लं जाळ्यात दिसू लागली. त्याच एलवाइफवर जगणारा चिनूक सामन मासाही मात्र कोसळला. एका बैठकीत चिनूकवर पोट असलेला एक बोटवाला उठून म्हणाला, "तुमचा ट्राउट परत आला, माझं गिऱ्हाईक कुठून आणू?" आकडे माझ्या हातात होते, उत्तर नव्हतं. बैठकीनंतर मी त्याच्याशी तासभर बोलत बसले.

हॅचरीतल्या प्रत्येक बोटुकलीचा एखादा पर सोडण्याआधी कापतात. म्हणून टेबलावर जखमांनंतर मी परच तपासते. गेल्या वसंतात एक मादी आली, सहा किलोंच्या वर. दोन्ही अंगं गुळगुळीत, एकही खड्डा नाही. पोटाचे पर, छातीचे पर, शेवटी शेपटीजवळचा तो छोटासा मांसल पर अंगठ्याखाली चाचपला. मी मोठ्याने सांगितलं, "सगळे पर शाबूत." लिहिणाऱ्या मुलीने पेन्सिल थांबवून विचारलं, "परत सांग?"